कॅम बदलल्यापासून बुलेट खालून मेली? जेट राहू द्या, आधी कॉम्प्रेशन मोजा

गाडी कार्बुरेटरच्या यूसीई इंजिनाची (यूसीई म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात), म्हणजे २०२० पर्यंतची बुलेट नाहीतर क्लासिक ३५०. सायलेन्सर आधीच बदललेला, फिल्टर मोकळा, आणि आता आत मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व जास्त आणि जास्त वेळ उघडा धरणारा. आयडलिंगचा आवाज झकास, मालक खूश. मग गोव्यात पर्वरीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर गाडी बसते. चोडणच्या फेरीबोटीतून वर रॅम्पवर चढताना क्लच सोडला की बंद पडते. चोर्ला घाटात जी वळणं तिसऱ्यावर आरामात जायची, तिथे दुसरा टाकावा लागतो. चार हजार आरपीएमच्या वर मात्र अचानक जाग येते. किक पूर्वीपेक्षा हलकी लागते, एव्हरेज पडलेला असतो.

इथून पुढे जेटचा, म्हणजे कार्बुरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाचा, खेळ सुरू होतो. मेन जेट मोठा, मग लहान, सुई एक खाच वर, मग खाली, शेवटी नवा कार्बुरेटर. मेकॅनिक म्हणतो, "पात्रांव (मालक), थोडं ट्यूनिंग राहिलंय, परत एकदा घेऊन या." ट्यूनिंग कधीच संपत नाही, कारण दुखणं कार्बुरेटरमध्ये नाहीच. मोठा कॅम इनलेट व्हॉल्व उशिरा बंद करतो आणि कंपनीने दिलेलं ८.५ चं कॉम्प्रेशन त्या कॅमला पुरत नाही.

तरी थेट हेड उतरवू नका. याच लक्षणांची आणखी काही कारणं आहेत आणि ती स्वस्तात मिटतात.

आधी हे संशय मिटवा

यूसीईमध्ये इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगळे, प्रत्येकाचा गिअर वेगळा. बसवताना ठिपके जुळले नाहीत, एक दात जरी मागे गेला, तरी गाडी सुरू होते, चालते, आणि नेमकी अशीच रडते. टायमिंग कव्हर उघडून ठिपके स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "मी बरोबरच बसवलंय" यावर विसंबू नका.

दुसरं, टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉडच्या दांडीने रॉकर हलवणारे) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत. त्यात तेल कोंडून राहिलं, किंवा पुशरॉड लांब पडला, तर व्हॉल्व केसभर उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन निसटतं. गाडी गरम झाल्यावर जास्त वाईट चालत असेल तर हा संशय आधी. कार्बुरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबराला बारीक चीर असेल तर आयडलिंग वरखाली होतं आणि लोक तो कॅमचा आवाज समजतात. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे रबर हमखास तडकलेलं सापडतं.

आता कॉम्प्रेशन गेज. इथे बरेच जण फसतात. यूसीईच्या एक्झॉस्ट कॅमवर ऑटो डिकॉम्प्रेसर असतो. किक किंवा सेल्फ मारताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व किंचित उचलून धरतो, म्हणून निरोगी इंजिनाचं रीडिंगही कमीच येतं. ते बघून रिंगा बदललेल्या गाड्या आहेत. शिवाय या हेडला दोन प्लग. गेज एका भोकात लावताना दुसरा प्लग जागेवर घट्ट असला पाहिजे, हे सांगायची गरज पडते म्हणून सांगतो. गेजचा आकडा एकटा वाचू नका. तसल्याच, कॅम न बदललेल्या गाडीचं रीडिंग त्याच गेजने, इंजिन गरम असताना, एक्सिलेटर पूर्ण उघडून घ्या आणि मग तुलना करा. तुमच्या नव्या एक्झॉस्ट कॅमवर डिकॉम्प्रेसरची यंत्रणाच नसेल तर ही तुलनाही बाद. तेव्हा लीकडाउन टेस्ट करावी: दोन्ही व्हॉल्व बंद असताना सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून निघते ते ऐकायचं. कार्बुरेटरमधून सूं आवाज आला तर इनलेट, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, तेलाच्या भोकातून आला तर रिंगा. तिन्हीकडे शांतता असेल आणि तरी गाडी खालून मेलेली असेल, तर इंजिन धडधाकट आहे, फक्त कॅम आणि कॉम्प्रेशनची जोडी जुळलेली नाही.

आणखी एक खूण आहे, ती मला गेजपेक्षा जास्त भरवशाची वाटते. एअर फिल्टर काढून बघा. फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्बुरेटरच्या तोंडासमोर, पेट्रोलचा ओलसर डाग असेल तर सिलिंडरमध्ये गेलेलं मिश्रण परत बाहेर येतंय.

ते परत का येतं

पिस्टन तळाला पोचला की कॉम्प्रेशन सुरू, असं आपण आयटीआयच्या पुस्तकात वाचतो. प्रत्यक्षात त्या क्षणी इनलेट व्हॉल्व उघडाच असतो. पिस्टन वर निघाल्यावर बऱ्याच अंशांनी तो बंद होतो आणि खरं कॉम्प्रेशन तिथून पुढे. जास्त आरपीएमला आत येणारं मिश्रण वेगात असतं, त्यामुळे पिस्टन वर यायला लागला तरी ते आत घुसत राहतं. व्हॉल्व उशिरा बंद केला तर तिथे फायदाच. पण दोन हजारावर त्या मिश्रणाला तेवढा वेग नसतो. पिस्टन त्याला आल्या वाटेने बाहेर ढकलतो, गर्दीच्या कदंबा बसमध्ये शेवटी चढलेला दार लागायच्या आत परत खाली उतरवला जातो तसा.

आकडे मांडून बघू. ३५० चा बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे पिस्टन ३४६ सीसी सरकवतो. कॉम्प्रेशन रेशो ८.५ म्हणजे पिस्टन अगदी वर असताना उरलेली जागा ३४६ भागिले ७.५, साधारण ४६.२ सीसी. कनेक्टिंग रॉडची लांबी हिशेबापुरती १७० मिमी धरतो; तुमच्या रॉडची दोन्ही केंद्रांमधली लांबी मोजून घाला, फरक थोडाच पडतो.

समजा एक कॅम इनलेट व्हॉल्व तळाच्या पुढे ६० अंशांवर बंद करतो. तेव्हा पिस्टनला वर जायला ७२ मिमी उरलेले असतात, म्हणजे कोंडलेली जागा २७७ सीसी. त्यात ४६.२ मिळवून ४६.२ ने भागलं की ७.० येतं. हे झालं डायनॅमिक कॉम्प्रेशन. आता दुसरा कॅम, तो ७५ अंशांवर बंद करणारा. पिस्टनला उरले ६२.३ मिमी, जागा २४० सीसी, आणि डायनॅमिक कॉम्प्रेशन ६.२. पुस्तकात रेशो अजून ८.५ च लिहिलेला आहे. हेड तेच, पिस्टन तोच. पण कमी आरपीएमला ही गाडी ३५० राहिलेलीच नाही. जेट बदलून गेलेली जागा परत कशी येणार?

हे दोन कॅम उदाहरणादाखल घेतलेत. तुमचा कॅम कुठे बंद करतो ते तुम्हीच मोजायचं.

मोजताना कुठे घसरतं

कॅमबरोबर कागद आला असेल तर त्यावरचा आकडा कोणत्या लिफ्टला (व्हॉल्व किती उचललेला असताना) मोजला आहे ते आधी वाचा. बऱ्याच कागदांवर १.२७ मिमी लिफ्टचे आकडे असतात. व्हॉल्व खरा बसतो त्याच्या बऱ्याच नंतर. दोन्हींत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. १.२७ च्या आकड्यावरून डायनॅमिक कॉम्प्रेशन काढलं तर ते फुगून दिसतं आणि तुम्ही म्हणता, सगळं ठीक आहे की.

आपल्याकडे तर निम्म्या वेळा कागद नसतोच. कंपनीचाच कॅम घासून आणलेला असतो. लिफ्ट वाढवायला बेस सर्कल (कॅमचा गोल भाग) लहान केलेलं असतं आणि ड्युरेशन (व्हॉल्व किती अंश उघडा राहतो ते) किती झालं ते घासणाऱ्यालाही माहीत नसतं. अशा कॅमसाठी डिग्री व्हील (अंशांची चकती) लावण्यावाचून गत्यंतर नाही. छापील चकती प्लायवर चिकटवून क्रँकच्या टोकाला लावली तरी चालते. टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, डोळ्याने ठरवू नका, कारण पिस्टन तिथे काही अंश हलतच नाही. प्लगच्या भोकातून पिस्टन अडेल असा थांबा लावा, दोन्ही दिशांनी हलकेच फिरवून अडला तिथले आकडे घ्या, त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. मग डायल गेज इनलेट व्हॉल्वच्या कॅपवर टेकवा आणि काटा स्थिर होईपर्यंत क्रँक चालायच्या दिशेनेच फिरवा. ०.१५ मिमी लिफ्ट उरते तो अंश लिहून घ्या. कंपनीचा जुना कॅम हाताशी असेल तर तोही याच पद्धतीने मोजा. दोन कॅममधला फरक हाच खरा कामाचा आकडा.

मोजताना हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि सगळं मोजमाप खोटं ठरतं. त्याच्या जागी आतून पॅक केलेला, न दबणारा टॅपेट हवा. हे काम लेथवाला करून देतो.

वरची जागा मोजायला पिस्टन टीडीसीला आणून, गाडी अशी कलती करायची की प्लगचं भोक सर्वांत वर येईल, आणि सिरिंजने पातळ तेल भोकाच्या आतल्या कडेपर्यंत भरायचं. किती सीसी गेलं ते वाचा. हेड वेगळं काढून काचेखाली मोजलेला आकडा पिस्टन डोमचा असेल तर चुकीचा येतो, म्हणून जोडलेल्या इंजिनात मोजलेलं बरं. तेल रिंगांतून हळूहळू उतरतं, उरकून घ्या.

किती वाढवायचं

वरच्याच उदाहरणात ७५ अंशांच्या कॅमवर डायनॅमिक ७.० परत आणायचं तर वरची जागा ४० सीसी हवी, म्हणजे स्थिर रेशो ९.७ च्या जवळ. कागदावर बरोबर आहे, पण मी एवढं करणार नाही. हे हवेवर थंड होणारं, दोन व्हॉल्वचं इंजिन आहे. मधल्या आरपीएमला मोठ्या कॅममुळे सिलिंडर आधीपेक्षा जास्त भरतो, तिथे दाब हिशेबापेक्षा वर जातो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात अनमोड घाट चढताना हेड कसं तापतं ते वेगळं सांगायला नको. ९.३ वर थांबा. वरची जागा ४१.७ सीसी, डायनॅमिक ६.७. गेलेल्यातलं दोन तृतीयांश परत मिळतं आणि नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या खडखडीला) अंतर राहतं.

४६.२ वरून ४१.७ म्हणजे साडेचार सीसी कमी करायचे. ७० मिमीच्या वर्तुळात १ मिमी म्हणजे ३.८५ सीसी, तेव्हा हेडच्या तोंडावरून साधारण १.२ मिमी घासायचं, म्हणजे फेसिंग. हेडच्या तोंडाचा व्यास बोअरएवढाच नसेल तर हा हिशेब हलतो, म्हणून आधी ०.८ काढा, परत तेल भरून मोजा, मग उरलेलं काढा. घासलेली धातू परत लावता येत नाही. भंगारात दुसरं हेड मिळालं तर प्रयोग त्याच्यावर करावा. पॅकिंग पातळ करून कॉम्प्रेशन वाढवायचा शॉर्टकट टाळा. पावसाळा संपेपर्यंत हेडखालून तेल झिरपायला लागतं.

हेड खाली आलं की काय काय बदलतं

कामाचा सगळ्यात किचकट भाग हा आहे, आणि कॅम-हेडचं काम अर्धवट सोडलेल्या गाड्या बहुतेक इथेच अडकलेल्या असतात.

रॉकर हेडवर बसलेले. हेड १.२ मिमीने खाली आलं की रॉकरही तेवढे खाली, म्हणजे पुशरॉड तेवढा लांब पडला. टॅपेटचा प्लंजर (आतला दट्ट्या) थोडं सोसतो, सगळं नाही. तो तळाला टेकला की व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि तुम्ही परत पहिल्या पानावर. आता गंमत बघा: कॅम घासून आणलेला असेल तर बेस सर्कल लहान, टॅपेट खाली, म्हणजे पुशरॉड आखूड पडला. दोन चुका एकमेकींना थोड्या खोडतात. कधी तंतोतंत जुळतं, कधी नाही. म्हणून दोन्ही व्हॉल्व बंद असताना प्लंजर वरून किती दबला आहे ते बघा. मधोमध असला पाहिजे. नसेल तर पुशरॉडची टोपी काढून नळी कापावी लागते, किंवा रॉकरच्या बैठकीखाली शिम (पातळ पत्र्याची चकती).

मग पिस्टन आणि व्हॉल्वमधलं अंतर. जास्त लिफ्ट आणि खाली आलेलं हेड, दोन्ही बाजूंनी अंतर खातात. पिस्टनवर क्ले लावून, तेल पुसून, हेड जुन्या पॅकिंगसह कसून, हाताने दोन फेरे फिरवा आणि क्ले कापून जाडी मोजा. इनलेटला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी यापेक्षा कमी असेल तर पिस्टनवर खाच पाडल्याशिवाय सेल्फ मारू नका. इथेही न दबणारा टॅपेट हवाच, नाहीतर अंतर भरपूर दिसतं आणि चालू इंजिनात व्हॉल्व वाकतो. कडेला पिस्टन आणि हेड यांच्यात १ मिमी तरी राहिलं पाहिजे. सोल्डरची तार ठेवून चेपली की कळतं.

आणि डिकॉम्प्रेसर. बाजारातल्या काही एक्झॉस्ट कॅमवर तो नसतो. कॉम्प्रेशन वाढवलेलं, डिकॉम्प्रेसर नाही, आणि वरून बॅटरी अर्धमेली: सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं आणि स्प्रॅग क्लच (सेल्फचा एकाच दिशेने पकडणारा क्लच) जातो. तो खर्च वेगळा. अशा गाडीला किकच मारावी, आणि पाय सांभाळून.

उलटी केसही येते

काही जण कॅम कंपनीचाच ठेवतात आणि पिस्टन तेवढा हाय कॉम्प्रेशन टाकतात. लवकर बंद होणारा इनलेट आणि ९.५ च्या वरचा रेशो. खालून गाडी सुरेख ओढते, मग मागे माणूस बसवून घाटात तिसऱ्यावर एक्सिलेटर पिळला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड. हे नॉकिंग. प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर पिस्टन कुरतडायला सुरुवात झालेली आहे. या गाडीला मोठा कॅम हे औषध ठरू शकतं, गंमत म्हणजे. निदान जाड पॅकिंग लावून रेशो खाली आणा. जुन्या पॉइंटवाल्या बुलेटला टायमिंग थोडं मागे घेता येतं. यूसीईचं इग्निशन असं हाताने सरकवता येत नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर आता पंपावर साधं पेट्रोल ई-२० च, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्याचा ऑक्टेन पूर्वीच्या साध्या ९१ पेक्षा जास्त, ९५ च्या घरात, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ते मदतच करतं. पण त्याला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, ई-२० ला साधारण १३.५. जुन्या कार्बुरेटरची गाडी त्यामुळे आपोआप लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते, आणि लीन गाडी जास्त तापते. तेव्हा कॅम आणि कॉम्प्रेशन जुळवून झाल्यावर जेट बदलायची वेळ खरोखर येते, तीही मोठ्याच्या दिशेने. इथेनॉल पाणी ओढतं. जूनपासून गाडी झाकून ठेवणार असाल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामं करून ठेवा, नाहीतर सप्टेंबरात परत "खालून मेली" आणि कारण कॅम नसेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळा फेरबदल चालत नाही, आणि मोठ्या ओव्हरलॅपच्या (दोन्ही व्हॉल्व जास्त वेळ एकदम उघडे ठेवणाऱ्या) कॅमवर आयडलिंगला न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जातं, त्यामुळे पीयूसीलाही त्रास होतो. हे आधी माहीत असावं.

हेडला हात लावायचाच नसेल तर

आपले रस्ते बघा. वाळपईहून साखळी, फोंड्याहून मडगाव: वळणं, स्पीडब्रेकर, गुरं, पुढे टिप्पर. या गाडीचा कंपनीने दिलेला कमाल टॉर्क ४००० आरपीएमला आहे आणि रोजच्या वापरात आपण बहुतेक वेळ त्याच्या खालीच असतो. मला विचाराल तर इथे मोठ्या कॅमपेक्षा कंपनीचाच कॅम आणि रेशोत अर्धा आकडा वाढ जास्त कामाची. ती प्रत्येक गिअरमध्ये जाणवते.

मोठा कॅम बसवलेलाच असेल तर यूसीईची एक सोय वापरा. कॅम दोन आहेत. फक्त इनलेटचा कंपनीचा कॅम परत बसवा, एक्झॉस्टचा नवा राहू द्या, टॅपेटचा प्लंजर तेवढा तपासून घ्या. टायमिंग कव्हर उघडावं लागतं, रॉकर सैल करून पुशरॉड मोकळे करावे लागतात, हेड उतरवावं लागत नाही. इनलेट पूर्वीच्या अंशावर बंद होऊ लागला आणि गाडी खालून परत ओढायला लागली, तर निदान पक्कं झालं, आणि हेडचं काम करायचं की गाडी अशीच ठेवायची हे निवांत ठरवता येतं. तरीही ओढली नाही, तर वरच्या संशयांपैकी एखादा नीट तपासायचा राहिलेला आहे. सुरुवात ठिपक्यांपासून करा.